डोंबिवलीच्या भिंतीवरची कॅडिलॅक

आजचा विषय कळल्यावर दोन-तीन जणांनी आम्हाला विचारलं, की इतिहासाच्या व्याख्यानात शोभेच्या चित्रांचं काय काम? प्रश्न रास्त आहे. आम्हीही आधी हसण्यावारीच नेलं होतं. आणि हो, हे टिपण आम्ही दोघांनी मिळून केलंय, बोलायचं काम एकाच्या गळ्यात पडलंय, म्हणून सगळीकडे 'आम्ही' येईल. राजेशाही थाटाचा आरोप करू नका.

झालं असं, की गेल्या काही महिन्यांत डोंबिवलीत जिथे जिथे गेलो तिथल्या भिंती आम्ही पाहत सुटलो. फडके रोडच्या आसपासचे कॅफे, एमआयडीसीकडचं एक सलून, एका डेंटिस्टची वेटिंग रूम, ओळखीच्यांचे नवे फ्लॅट. एकच चित्र पुन्हा पुन्हा दिसायला लागलं. १९५९ ची गुलाबी कॅडिलॅक, मागे विमानासारखे दोन पंख, त्यात लाल दिवे. तिच्या शेजारी फोक्सवॅगन बीटल. कुठे मोनाकोच्या मोटारशर्यतीचं पोस्टर, कुठे अमेरिकेतल्या कुठल्याशा पेट्रोलपंपाची पाटी. माप बहुतेक ठिकाणी बारा बाय अठरा इंच. सलूनमधल्या पत्र्याच्या पाटीच्या कडेला गंज चढला होता. सहज बोट फिरवलं, तर पत्रा गुळगुळीत. गंज छापलेला होता.

आता पुढची गोष्ट. एका घरी यजमानांनी हौसेने अशा चार फ्रेम हॉलमध्ये लावल्या होत्या. म्हणाले, "जुन्या काळाचा फील येतो." बोलता बोलता कळलं, की त्यांचे वडील प्रीमियरमध्ये होते. म्हणजे मोटारीच्याच कारखान्यात, उभी नोकरी. आम्ही विचारलं, त्यांच्या कंपनीच्या गाडीचं काही चित्र, जाहिरात, कॅलेंडर आहे का घरात? ते जरा थांबले आणि म्हणाले, "नाही हो. असं काही असायचं का?"

आजचं सगळं बोलणं या प्रश्नावर आहे. असं काही असायचं का? आणि नसेल, तर का नव्हतं?

आधी भिंतीवर जे आहे ते नेमकं काय, ते पाहू. आपण सरसकट 'व्हिंटेज पोस्टर' म्हणतो, पण यातली निम्मीअधिक चित्रं पोस्टर नव्हतीच. अमेरिकन गाड्यांची जी चित्रं आपल्याकडे येतात ती मुळात मासिकांची पानं. लाखो प्रती खपणाऱ्या साप्ताहिकांत, मासिकांत छापलेल्या जाहिराती. रस्त्यावरच्या भिंतीवर त्या कधी लागल्या नाहीत. कुणीतरी मांडीवर मासिक घेऊन, पान उलटताना क्षणभर पाहावं, एवढंच त्यांचं काम होतं. तेच पान आज स्कॅन करून मोठं केलं जातं, त्यावरचा मजकूर बऱ्याचदा कापला जातो, आणि त्याला पोस्टर हे नाव मिळतं.

त्या जाहिराती काढणारे लोकही पाहण्यासारखे होते. पॉन्टिअॅक गाडीसाठी आर्ट फिट्झपॅट्रिक आणि व्हॅन कॉफमन या जोडीने १९५९ ते १९७१ अशी बारा वर्षं चित्रं काढली. एक जण फक्त गाडी रंगवायचा, दुसरा माणसं आणि मागचा देखावा. आणि गाडी असायची तशी काढायचे नाहीत. रुंदीला ताणून, जमिनीला अधिक टेकवून काढायचे. म्हणजे आपण भिंतीवर जी गाडी लावतो, त्या आकाराची गाडी अमेरिकेतही कुणाच्या दारात नव्हती. त्याच १९५९ मध्ये बीटलची ती प्रसिद्ध जाहिरात आली, पांढऱ्या कागदाच्या कोपऱ्यात इवलीशी गाडी. डॉइल डेन बर्नबॅक या एजन्सीत हेल्मुट क्रोन यांनी ती मांडली, मजकूर ज्युलियन कोनिग यांचा. मोठ्या गाड्या ताणून मोठ्या दाखवायच्या त्या काळात लहान गाडी मुद्दाम लहान दाखवली. गंमत म्हणजे डोंबिवलीत या दोन्ही एकाच खिळ्यांच्या रांगेत, शेजारी शेजारी नांदतात.

खरी पोस्टरं युरोपातली, विशेषतः फ्रान्समधली. त्यामागे शिळाछपाईचं तंत्र आहे. १८ व्या शतकाच्या शेवटी बव्हेरियात सेनेफेल्डर याने ते शोधलं. चुनखडीच्या सपाट दगडावर तेलकट खडूने चित्र काढायचं, दगड ओला करायचा, मग शाई फिरवायची. पाणी असेल तिथे शाई धरत नाही, तेलकट रेघेवर धरते. जितके रंग तितके दगड. या तंत्राने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसच्या भिंती रंगीत झाल्या, आणि मोटार आली ती नेमकी याच वेळी. १८९८ मध्ये ओ'गालो नावाच्या चित्रकाराने मिशेलिनसाठी टायरांचा माणूस काढला, हातात खिळे आणि काचा भरलेला पेला घेतलेला. पुढे कापिएल्लो, लूपो, रने व्हँसाँ. मोनाकोच्या शर्यतीची १९३० च्या दशकातली पोस्टरं फाल्कुची आणि त्याच्यानंतर जेओ हाम यांची. ही खरोखर रस्त्यावर चिकटवायला केलेली होती. पुरुषभर उंचीची, पावसात भिजून महिन्याभरात फाटायची.

म्हणजे त्यांच्या प्रतिकृती काढून घरात लावणं ही आजची टूम म्हणायची का? तसंही नाही. पॅरिसमध्ये १८९५ ते १९०० या काळात दर महिन्याला गाजलेल्या पोस्टरांच्या लहान आकाराच्या प्रती वर्गणीदारांना मिळायच्या. 'ले मेत्र द लाफिश' हे त्या मालिकेचं नाव, एकूण २५६ चित्रं. लोक रात्री गुपचूप भिंतीवरची पोस्टरं सोलून नेत होते, त्यावर हा सभ्य उपाय. म्हणजे पोस्टर जितकं जुनं, जवळजवळ तितकीच त्याची घरगुती प्रतही जुनी. तेव्हा नक्कल म्हणून नाक मुरडण्यात अर्थ नाही. आमचं भांडण नकलेशी नाहीच.

आता आपल्या भिंतीकडे या. आपल्या भिंतीला छापील चित्राचं वावडं होतं का? अजिबात नाही. पुण्यात चित्रशाळा प्रेस १८७८ ची, विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी उभी केलेली. राजा रविवर्म्याचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत गिरगावात सुरू झाला, पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. जर्मन कारागीर, जर्मन यंत्रं, आणि तीच शिळाछपाई. पॅरिसमध्ये त्या तंत्राने सायकली, दारू, टायर विकले जात होते, आपल्याकडे लक्ष्मी, सरस्वती, शकुंतला घरोघरी पोचल्या. मग साबणवाले, औषधवाले, बेबीफूडवाले यांनी त्याच देवादिकांच्या चित्राखाली आपलं नाव आणि तारखांचा चौकोन जोडला. झालं कॅलेंडर! आपलं घरगुती पोस्टर म्हणजे कॅलेंडर. फुकट मिळायचं, वर्षभर टिकायचं, आणि चित्र आवडलं तर डिसेंबरनंतर तारखा कापून देव तेवढा ठेवायचा. कित्येक देवघरांतला बाळकृष्ण असा कुठल्या तरी दुकानाच्या कृपेने आलेला आहे.

हात नव्हते असंही नाही. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये १९३५ पासून कमर्शियल आर्टचा वेगळा विभाग होता. एस. एम. पंडित, रघुवीर मुळगावकर, दीनानाथ दलाल ही नावं इथे बसलेल्या ज्येष्ठांना सांगायला नकोत. दिवाळी अंकांची मुखपृष्ठं, सिनेमाची पोस्टरं, कॅलेंडरं. यांच्यातल्या कुणी एखादी मोटार मनावर घेऊन रंगवली असती, तर ती पॉन्टिअॅकवाल्यांच्या पंगतीला बसली असती, असं आमचं मत. पण मोटार विकण्यासाठी त्यांच्याकडे जायची गरजच कुणाला फारशी पडली नाही. ती का पडली नाही, ते जरा सावकाश पाहू.

मुंबईत मोटार दिसली ती एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दोन-तीन वर्षांत. १९२८ मध्ये जनरल मोटर्सने शिवडीला जुळणीचा कारखाना काढला. गाडीचे सुटे भाग बोटीने यायचे, इथे जोडले जायचे. आणि लगेच पुढच्या वर्षी, १९२९ मध्ये, जे. वॉल्टर थॉम्पसन ही अमेरिकन जाहिरात एजन्सी मुंबईत आली. कशासाठी? तर या जनरल मोटर्सच्या जाहिराती सांभाळण्यासाठी. हे लक्षात घ्या. भारतातल्या आधुनिक जाहिरातधंद्याचा एक मोठा धागा थेट मोटारीतून निघालेला आहे. पण गिऱ्हाईक कोण? संस्थानिक, साहेब, मोठे व्यापारी, थोडे डॉक्टर-वकील. त्यांच्यासाठी इंग्रजी वर्तमानपत्रातली जागा पुरायची. आपल्याकडच्या लोकांना मोटारीच्या धंद्यातलं जे काही दिसायचं ते पेट्रोलपंपावरच्या मिन्याच्या पाट्या. बर्मा-शेलच्या, डनलॉपच्या. आज चोरबाजारात त्या विकायला येतात आणि त्यांच्याही नव्या नकला निघतात.

दुसरीकडे सोलापूरचे वालचंद हिराचंद. जहाज, विमान आणि मोटार, तिन्ही या देशात झाली पाहिजेत या हट्टाचा माणूस. १९४४ मध्ये त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, कुर्ल्याला कारखाना. १९४७ मध्ये तिथून क्रायस्लरशी करार केलेल्या गाड्या बाहेर पडायला लागल्या, मग १९५० च्या दशकात फियाट. सरकारचं धोरण तोवर ठरलं होतं: नुसती जुळणी चालणार नाही, भाग इथे बनवा. जनरल मोटर्सने १९५४ मध्ये शिवडीचा कारखाना बंद केला, फोर्डही त्याच सुमारास गेली. कॅडिलॅकला पंख फुटले, पॉन्टिअॅक ताणून रंगवली जाऊ लागली, ती ही वर्षं. अमेरिकेत मोटारीची जाहिरातकला ऐन भरात आली, आणि आपल्याकडे तिचं दार लागलं. आमच्या मते भिंतीवरच्या कॅडिलॅकचं कोडं इथे सुटतं.

उरल्या तीन गाड्या. कलकत्त्याकडची अॅम्बेसेडर, मद्रासची स्टँडर्ड आणि कुर्ल्याची फियाट. १९५९ मध्ये सरकारने मोटारींच्या वाटपावर आणि विक्रीवर नियंत्रण आणलं. किमती सरकार ठरवायचं. गाडीची किंमत किती असावी याचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९७१ मध्ये निकाल लागला. त्या खटल्याच्या नावातच प्रीमियर ऑटोमोबाइल्स आहे. फियाटसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षं थांबायचं, स्कूटरची रांग तर त्याहून लांब. आता सांगा, ज्याच्या दाराशी अशी रांग आहे तो दुकानदार चित्रकाराला बोलावून पोस्टर कशाला करून घेईल? जाहिराती नव्हत्याच असं नाही, वर्तमानपत्रांत यायच्या. पण त्यांना कुणाला भुलवायचं नव्हतं. मिसळ संपलेल्या हॉटेलवाल्यासारखी गत. पाटीवर रंग कशाला द्या?

जिथे गिऱ्हाईक ओढायचं होतं तिथे आपल्याकडे उत्तम काम झालं, हे पडताळून पाहता येतं. एअर इंडियाला परदेशी विमान कंपन्यांशी टक्कर द्यायची होती. बॉबी कूका आणि जे. वॉल्टर थॉम्पसनमधले चित्रकार उमेश राव यांनी १९४६ मध्ये महाराजा घडवला, आणि त्या महाराजाची पोस्टरं जगभर गाजली. आजही ती भिंतीवर शोभतात, आणि ती आपली आहेत. टायर विकणाऱ्यांनाही स्पर्धा होती, म्हणून एमआरएफचा टायर उचललेला पहिलवान १९६४ मध्ये आला. १४ डिसेंबर १९८३ ला पहिल्या मारुतीची किल्ली दिली गेली, आणि मग हळूहळू सगळं पालटलं. 'हमारा बजाज' ही जाहिरात १९८९ ची. बजाजचीही रांग सरली होती, जपानी बनावटीच्या मोटरसायकली समोर आल्या होत्या. पण तोवर टीव्ही आला होता. जाहिरात भिंतीवर यायच्या आधीच पडद्यावर गेली. आपल्या मोटारीचं पोस्टरयुग असं मधल्यामधे राहून गेलं.

आता डोंबिवली. इथल्या तरुण मंडळींना कल्याण-शीळ रस्त्यावरचं प्रीमियर मैदान माहीत असेल, सभांमुळे. ते नाव कुठल्या सिनेमावरून आलेलं नाही. तिथे प्रीमियरचा कारखाना होता. १९९० च्या दशकात फ्रान्सच्या प्युजो कंपनीबरोबर भागीदारी झाली आणि प्युजो ३०९ ही गाडी या कारखान्यात तयार व्हायला लागली. १९९४ मध्ये सुरू झालं, १९९७ च्या सुमारास थांबलं. तीन-चार वर्षांचा खेळ. आता त्या बाजूला मोठमोठे टॉवर आहेत.

आमच्या ओळखीच्या एका नव्या इमारतीत, त्याच रस्त्यावर, दिवाणखान्यात रने व्हँसाँच्या जुन्या प्युजोच्या चित्राची प्रत लावलेली आहे. झोकदार बाई, हिरवळ, गाडी. छान दिसते. घरातल्या कुणालाही ठाऊक नव्हतं, की याच कंपनीची गाडी इथून हाकेच्या अंतरावर बनत होती, आणि आपल्या सोसायटीचा वॉचमन ज्या जागेला अजून 'प्रीमियर' म्हणतो ती हीच. आम्ही सांगितल्यावर घरची मुलगी म्हणाली, "मग त्या गाडीचं पोस्टर कुठे मिळेल?" आम्हाला उत्तर देता आलं नाही. मिळत नाही. विकायला कुणाकडे तेच नाही.

पद्मिनीचं जरा वेगळं आहे. प्रीमियर पद्मिनी हे नाव १९७४ चं, गाडी तीच जुनी फियाट. मुंबईत काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ती सगळ्यांच्या डोळ्यांत बसली. वीस वर्षांच्या वयोमर्यादेमुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती टॅक्सी म्हणून रस्त्यावरून गेली. त्यानंतर, थोडं आधीपासूनच म्हणा, तिची चित्रं, मग, चुंबक, पोस्टरं यांचं पीक आलं. ती पाहा, आवडली तर जरूर घ्या. पण ती आजच्या चित्रकारांनी आज काढलेली आहेत. काही जण त्यावर पिवळट कागद आणि सुरकुत्या घालतात, जुनी जाहिरात वाटावी म्हणून. तिथे मात्र आम्ही हात जोडतो. नव्या चित्राने नवं असायला लाजू नये.

खरेदी करणाऱ्यांसाठी दोन गोष्टी, कारण प्रश्नोत्तरांत हे येणारच. दहा-पंधरा पट मोठं दाखवणारं भिंग घ्या. अस्सल शिळाछापात खडूसारखा ओबडधोबड कण दिसतो. ऑफसेटमध्ये चार रंगांचे ठिपके रांगोळीसारखे नेमाने बसलेले असतात. इंकजेटमध्ये बारीक शिंतोडे. आणि मासिकाचं पान फुगवून केलेलं असेल, तर मूळ छपाईचे ठिपके मोहरीएवढे होऊन नुसत्या डोळ्यांनाही दिसतात. कुणी 'ओरिजिनल' म्हणून हजारोंनी पैसे मागत असेल तर आधी भिंग काढा. दुसरं, हक्कांचं. आपल्या १९५७ च्या कायद्याप्रमाणे चित्रकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतो. व्हँसाँ १९३६ मध्ये गेला, कापिएल्लो १९४२ मध्ये, त्यांचं काम मोकळं झालं. जेओ हाम १९७२ मध्ये गेला. म्हणजे मोनाकोची जी पोस्टरं सर्रास छापून विकली जातात, त्यातल्या त्याच्या चित्रांना अजून काही वर्षं जायची आहेत. कंपनीचं बोधचिन्ह ही आणखी निराळी भानगड.

असो. सुरुवातीला ज्यांच्याकडचा प्रश्न सांगितला, त्या यजमानांकडे परत येतो. "असं काही असायचं का?" पोस्टर नसायचं, हे आपण पाहिलं. पण कागद असायचा. गाडीबरोबर मिळणारी माहितीपुस्तिका, डीलरचं कॅलेंडर, नोंदणीची पावती, कामगारांच्या कार्यक्रमांच्या पत्रिका, कारखान्यातला ग्रुप फोटो. आपल्या मोटारीचा चित्रमय इतिहास जो काही आहे तो या चिठोऱ्यांत, आणि ही चिठोरी संग्रहालयात नाहीत. डोंबिवलीतल्या चार मजली, लिफ्ट नसलेल्या जुन्या इमारतींच्या माळ्यांवर आहेत. त्या इमारती आता एकामागून एक पुनर्विकासाला जातायत. घर रिकामं करायला महिना मिळतो, माळा शेवटच्या दोन दिवसांत उपसला जातो आणि रद्दीवाला किलोने नेतो.

आम्ही त्यांना एवढंच म्हटलं, की वडिलांच्या ट्रंका एकदा बघून घ्या. तीन आठवड्यांनी फोन आला. पद्मिनीची माहितीपुस्तिका सापडली, तेलाचे डाग पडलेली, मधोमध घडी घातलेला वायरिंगचा मोठा नकाशा. नकाशावर वडिलांच्या अक्षरात पेन्सिलीने मराठीत नावं लिहिलेली, कुठली वायर कुठे जाते त्याची. विचारत होते, कॅडिलॅकच्या जागी हा लावू का, आणि लॅमिनेट करून घेऊ का.

लावा म्हटलं. पण लॅमिनेट करू नका, चिकटपट्टी लावू नका, पेन्सिल खोडू नका. आधी चांगलं स्कॅन करा, मग स्कॅनची प्रत भिंतीवर लावा आणि मूळ कागद आम्लरहित पाकिटात, उन्हापासून लांब ठेवा. पेन्सिलीचं अक्षर फिकं आहे, स्कॅन करताना सहाशे डीपीआय तरी ठेवा, हेही सांगितलं. आता प्रश्न असतील तर घेऊ.